हातात येईल तेच साहित्य

साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, पिंपळनेरच्या आसपास, चित्रकला आणि गाणं शिकवण्यात माझी नोकरी गेली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे कलेसाठी अंशकालीन निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीला, आणि तोही पट शंभराच्या वर असेल तर. पाड्यांवरच्या लहान शाळांत गणित घेणाऱ्या गुरुजींनाच किंवा बाईंनाच पेटी आणि कुंचला हाती घ्यावा लागतो. हे चार अनुभवाचे बोल त्यांच्यासाठी.

१. आधी वाटणी बघा. कुठलंही साहित्य आणण्यापूर्वी एकच विचारा: हे प्रत्येक मुलाच्या हातात येईल का? कुलपातली पेटी गुरुजींची राहते. पत्र्याचा डबा मुलाचा होतो. तळहात मध्यावर मारला की घुमारा, बोटं काठावर मारली की टणत्कार. एवढ्या दोन आवाजांवर सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा केरवा उभा राहतो.

२. रंग वर्गातच तयार करा. गेरू, पिवळी माती, कोळसा आणि खडू बारीक कुटून वस्त्रगाळ करा. बाभळीचा डिंक रात्रभर भिजत घाला आणि सकाळी त्या पाण्यात पूड खला. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर पोपडे सुटतात. हे प्रमाण मुलं स्वतः शोधतात आणि मग विसरत नाहीत. अजिंठ्याच्या चितारींचे बहुतेक रंगही माती-दगडांचेच होते. तांबडा आणि पिवळा गेरूचा, काळा काजळीचा. निळा लाजवर्द तेवढा परदेशातून यायचा. रंग कालवल्यावर अजिंठ्याची चित्रं दाखवा, मुलं ती वेगळ्याच डोळ्यांनी बघतात.

३. बाटल्यांतून स्वर ऐकवा. काचेच्या सारख्या बाटल्यांत कमी-जास्त पाणी भरा. चमच्याने वाजवलं तर जास्त पाण्याची बाटली खालचा स्वर देते. तोंडाशी फुंकर मारली तर तीच बाटली वरचा स्वर देते, कारण आता काच नाही, आतली हवा कंप पावते. या उलटापालटीवर वर्ग तासभर बोलतो. संगीत आणि विज्ञान एकाच तासात होतात.

४. पट्टी मुलांच्या गळ्याची धरा. पुरुष शिक्षक काळी एकच्या आसपास गातात. लहान मुलांचा गळा त्याहून बराच वर, काळी चार-पाचपाशी मोकळा होतो. खालच्या पट्टीत मुलं पुटपुटतात आणि आपण त्यांना बेसूर ठरवतो. पट्टी चढवून बघा, मागच्या बाकावरचे आवाजही पुढे येतात.

५. गाणी घरून मागवा. कानबाईची, आखाजीची, लग्नातली अहिराणी गाणी आजीला पाठ असतात. मुलांना सांगा, आजीजवळ बसून एक गाणं शिकून या, आणि ते कधी म्हणतात हेही विचारून या. वहीत उतरलेलं असं गाणं तुमच्या शाळेचं स्वतःचं पाठ्यपुस्तक असतं. एरवी वर्गात गप्प असणारं मूल त्या दिवशी सगळ्यांना शिकवतं.

६. पावरीवाल्या बाबांना मानाने बोलवा. दुधी भोपळा, बांबू आणि मेण यांतून घडलेली पावरी कोकणा समाजात डोंगऱ्या देवाच्या उत्सवाशी जोडलेली आहे. म्हणून शाळेत काय वाजवायचं आणि काय नाही, ते बाबांनाच ठरवू द्या. ते श्वास न तोडता वाजवतात तेव्हा मुलांना त्यांच्या गालांकडे बघायला सांगा. गाल फुगलेले ठेवून नाकाने श्वास कसा भरला जातो, हे जवळूनच कळतं.

७. आपल्या मुलखातली माणसं दाखवा. चाळीसगावच्या केकी मूस यांनी (१९१२–१९८९) टेबलावर साध्या वस्तू मांडून, उजेड साधून अख्खी दृश्यं उभी केली आणि त्यांची छायाचित्रं घेतली. ती मुलांना दाखवा. मग खडे, काड्या, कापूस द्या आणि खिडकीशी मांडणी करायला लावा. प्रकाश डावीकडून आला तर सावली कुठे पडते, हे एलिमेंटरीच्या वस्तुचित्राच्या पेपरात कामी येतंच. पण त्याआधी ते डोळ्याला वळण लावतं.

८. पैसा कागदावर खर्च करा. माती पांझरेच्या काठाला आहे, डबे घरोघर आहेत, गाणी आज्यांकडे आहेत. कोरा, जाड, मोठा कागद मात्र विकतच आणावा लागतो. पाठकोऱ्या कागदाच्या चतकोरावर मूल चित्रही चतकोरच काढतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत अनुदानाचा विषय निघाला, की भिंतीवरच्या तयार तक्त्यांआधी या कागदाची मागणी ठेवा आणि ठराव होईपर्यंत ती सोडू नका.