माल्टाची शंभर टनी तोफ

विजापूरची मुलूख-मैदान तोफ आपल्यापैकी बहुतेकांनी सहलीत पाहिली असेल. तिचे वजन सुमारे ५५ टन सांगतात. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर, ग्रँड हार्बरच्या पूर्वेस, रिनेला नावाचा व्हिक्टोरिया राणीच्या काळातील किनारी तोफमोर्चा आहे. तेथील एकुलत्या एका तोफेचे वजन शंभर टनांहून अधिक आहे. मला मात्र या तोफेच्या वजनापेक्षा तिच्या खरेदीची हकिगत अधिक विचार करण्याजोगी वाटते.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि इंग्लंडहून मुंबईकडे येणाऱ्या आगबोटींना आफ्रिकेचा वळसा उरला नाही. जिब्राल्टर व माल्टा ही त्या वाटेवरची नाकी. पुढे इटलीने ‘दुइलिओ’ व ‘दांदोलो’ ही दोन प्रचंड चिलखती जहाजे बांधावयास घेतली. चिलखत सुमारे ५५ सेंटिमीटर जाड, आणि प्रत्येकीवर चार-चार शंभर टनी तोफा. या आठ तोफा इटलीने मागविल्या कोठून? इंग्लंडातील न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग कारखान्यातून! मग माल्टा असुरक्षित झाले अशी ओरड झाली, आणि इंग्रज सरकारने त्याच कारखान्याकडून तशाच चार तोफा घेतल्या. दोन माल्टासाठी, दोन जिब्राल्टरसाठी. आपल्या क्रमिक पुस्तकांत लढाया येतात, पावत्या येत नाहीत. म्हणून हा भाग सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही.

रिनेलाचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू होऊन १८८६ मध्ये पुरे झाले. तोफेचे तोंड पावणेअठरा इंच, म्हणजे जवळजवळ एक हात रुंद. गोळा दोन हजार पौंडांचा. जोंधळ्याची नऊ पोती एकदम फेकावी तसा! तोफ ठासणीचीच, पण एवढा गोळा माणसांनी ठासणे शक्य नव्हते. म्हणून वाफेच्या इंजिनाने पाण्याचा दाब निर्माण करीत आणि त्या दाबावर सारी यंत्रे चालत. बार झाला की तोफ एका बाजूस फिरवून तिचे तोंड चिलखती भिंतीतील भोकाशी टेकवीत. आतल्या खोलीतून नळीत पाणी सोडून ती धूत, मग दारू व गोळा ठाशीत. पुढच्या बाराला दुसऱ्या बाजूची तशीच खोली. सुमारे सहा मिनिटांस एक बार होई.

जिब्राल्टरच्या एका मोर्च्याला ‘नेपिअर ऑफ मॅग्डाला’ हे नाव आहे. हा नेपिअर मुंबईच्या फौजेचा सरसेनापती होता. १८६८ मध्ये मुंबईहून फौज नेऊन त्याने ॲबिसिनियातील मॅग्डाला घेतले, आणि पुढे तो जिब्राल्टरचा गव्हर्नर झाला.

या तोफांनी शत्रूवर एकही गोळा टाकला नाही. त्यांच्या धाकानेच इटली आली नाही, असे म्हणता येईल; पण मला ते पटत नाही. रिनेला पुरी झाल्यावर लगेच, १८८७ मध्ये, इंग्लंड व इटली यांच्यात भूमध्य समुद्राविषयी सलोख्याचा करार झाला. शिवाय तोवर मागून भरण्याच्या, झटपट उडणाऱ्या तोफा पुढे येत होत्या. १९०६ मध्ये रिनेलाची तोफ सेवेतून काढली. इंग्रजांच्या त्या चार तोफांपैकी आज दोन शिल्लक आहेत: एक रिनेलात, दुसरी जिब्राल्टरला.