बीट घेताना, बीट देताना

पोरांनो, बीटचे, म्हणजे गाण्याखालच्या तयार संगीताचे, पैसे भरले म्हणजे बीट आपली झाली, असं समजू नका. ऑनलाइन स्वस्तात मिळते ती बहुधा लीज असते, म्हणजे वापरायची परवानगी. मालक बनवणाराच राहतो आणि तीच बीट तो उद्या आणखी पन्नास जणांना देऊ शकतो. मंगल कार्यालयात आज आपलं लग्न असतं, उद्या दुसऱ्याचं, तसंच हे. त्यात वाईट काही नाही. पहिलंवहिलं गाणं करणाऱ्याला लीज पुरते, उसनवारी करून एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त आपल्यालाच मिळणारी बीट, घेऊ नका.

लीजचा कागद मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. किती स्ट्रीमपर्यंत चालेल, किती वर्षं, व्हिडिओ करता येईल का, पैसे घेऊन कार्यक्रमात गाता येईल का, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. मर्यादा ओलांडायच्या आत परवाना वाढवून घ्या. नीट मिक्स करायचं असेल तर स्टेम्स मागा, म्हणजे ड्रम्स, बास, सूर सगळं सुटं मिळतं. नुसत्या एमपीथ्रीवर गायलात तर आवाज बीटच्या वर तरंगत राहतो.

‘फ्री’ लिहिलेल्या बीटच्या बाबतीत विशेष जपा. बऱ्याचदा ती फुकट असते ती कमाई करणार नसाल तरच. आणि बनवणाऱ्याने स्वतः कुठून काय उचललंय, हेही पाहायला हवं. लिल नास एक्सचंच बघा. हा अमेरिकन पोरगा आधी कुणाला ठाऊक नव्हता. नेदरलँड्सच्या यंगकिओची बीट त्याने अवघ्या ३० डॉलरला घेतली आणि २०१८च्या डिसेंबरात ‘ओल्ड टाऊन रोड’ आणलं. पुढच्या वर्षी ते बिलबोर्ड हॉट १०० यादीत सलग १९ आठवडे पहिलं होतं. पण बीटमधला तारांचा तो तुकडा नाइन इंच नेल्स या बँडच्या २००८च्या ‘घोस्ट्स’ अल्बममधला. तो अल्बम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली निघाला होता : वाटा, फेरफार करा, पण धंद्यासाठी वापरू नका. गाणं उसळी घेऊ लागल्यावर मूळ संगीतकारांची परवानगी मिळवावी लागली आणि ट्रेंट रेझनर, ॲटिकस रॉस यांची नावं श्रेयात आली. ते दोघं समजूतदार निघाले. सगळेच तसे निघतील या भरवशावर राहू नका. विक्रेत्याला सरळ विचारा, यात सॅम्पल आहे का, असेल तर त्याची परवानगी घेतलीय का? उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको.

आपला कायदाही लेखीच मागतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सोपवायचे तर सहीचा कागद लागतो, परवानाही लेखी लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमचं गाणं दुबईत आणि लंडनमध्येही ऐकलं जाणार आहे, तेव्हा ‘जगभर’ हा शब्द कागदावर आहे ना, ते पाहाच.

लीजच्या बीटवरचं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे संगीत ओळखून आपोआप दावा लावणाऱ्या यंत्रणेत, नोंदवू नका. डिस्ट्रिब्युटरच्या अर्जातली त्यासाठीची चौकट रिकामी सोडा. नाहीतर त्याच बीटवर गाणाऱ्या इतरांच्या व्हिडिओंवर तुमच्या नावाने दावे लागतात आणि बनवणारा तुमचा परवाना रद्द करू शकतो.

आता बीट बनवणाऱ्यांसाठी. कुणाला, कधी, कोणत्या अटींवर दिली याची वही ठेवा. एक्सक्लुझिव्ह विकली तरी आधीच्या लीज आपोआप मरत नाहीत, हे नव्या गिऱ्हाइकाला आधीच सांगा. आणि घाईत ‘सगळे हक्क दिले’ असं लिहून देऊ नका. २०१२च्या दुरुस्तीनंतर संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा त्याला स्वतःलाही सोडून देता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. ही दुरुस्ती संगीतकारांनी भांडून मिळवलीय, तिचा फायदा घ्या. आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीचं सदस्यत्व घ्या आणि प्रत्येक रचना तिथे नोंदवा.

परवान्याची पीडीएफ, पावती आणि ईमेल गाण्याच्याच फोल्डरमध्ये ठेवा. विक्रेत्याच्या पानावरच्या अटी बदलतात, म्हणून आपली प्रत आपल्याजवळ हवी. आजच जुनी गाणी काढून बघा, आणि ज्याचा कागद सापडत नाही त्याच्या विक्रेत्याला आजच लिहा.