कशावर उगवलंय, ते आधी बघ

सावंतवाडी

चि. मनूस,


ताम्हिणीच्या सहलीचे तू पाठवलेले फोटो काल निवांत बसून पाहिले. इतक्या पावसात तू एवढं बघत हिंडलीस, याचा मला मनापासून आनंद झाला. प्रत्येक फोटोखाली तू अॅपने सांगितलेलं नावही लिहिलं आहेस. पण त्यातली एकही अळंबी कशावर उगवली होती, ते मला कळत नाही. सगळ्या छत्र्या वरून टिपलेल्या आहेत. खाली माती होती, शेण होतं, कुजलेला ओंडका होता, की उभ्या झाडाचा बुंधा? ते ठाऊक नसताना त्या नावांवर मी विश्वास ठेवणार नाही, आणि तूही ठेवू नकोस.

दुसऱ्या वर्षाला असताना नावांची घाई होते, मला माहीत आहे. प्रॅक्टिकलला नावंच विचारतात आणि मार्क त्यांनाच मिळतात. पण रानात पहिला प्रश्न नावाचा नको. हे कशावर जगतंय आणि कोणाच्या सोबतीनं जगतंय, ते आधी विचार. नाव नंतर पुस्तकातून काढता येतं, ही माहिती मात्र जागेवरून उठलीस की गेली.

वारुळावरच्या अळंबीचंच बघ. पावसाळ्यात आपल्याकडे बायका ती पानात गुंडाळून बाजारात आणतात, ती टर्मिटोमायसिस. वाळवी लाकूडफाटा, पालापाचोळा चावून वारुळाच्या पोटात नेते आणि त्याची छिद्राछिद्रांची बाग रचते. त्या बागेवर ही बुरशी वाढते. लाकडातलं लिग्निन वाळवीला एकटीला पचवता येत नाही. बुरशी ते मोडते आणि मग वाळवी ती बाग बुरशीसकट खाते. पाऊस लागला की बुरशी त्या खोलीवरून वर छत्री पाठवते, म्हणून या अळंबीचा देठ जमिनीखाली मुळासारखा निमुळता होत वीतभर, कधी त्याहूनही खोल गेलेला असतो. जमिनीसपाट खुडलीस तर देठही नाही आणि वाळवीही नाही, हातात राहील एक पांढरी छत्री. म्हणून वारूळ न फोडता एका बाजूची माती बोटांनी हलकेच सार, देठ कुठवर जातो ते बघ, आणि माती परत लोट. कुठलं वारूळ कोणत्या पावसाला फुटतं हे त्या बायकांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. त्यांच्याजवळ बस, विचार आणि त्या सांगतील ते वहीत उतरव.

खाण्याबद्दल मात्र माझं स्पष्ट सांगणं आहे. स्वतः ओळखलेली कुठलीही अळंबी तू खायची नाहीस. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण काळा पडतो का, या परीक्षांना काहीही आधार नाही. ॲमानिटाच्या जीवघेण्या जाती त्यांतून सहज निसटतात. त्यापेक्षा बीजाणूंचा ठसा घ्यायला शीक. पूर्ण उमललेल्या छत्रीचा देठ काप. एक कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घे, म्हणजे फिकट आणि गडद दोन्ही बीजाणू दिसतील. छत्रीखालच्या त्या पातळ पात्या, ज्यांना तुमचे सर गिल्स म्हणतात, त्या कागदाकडे करून छत्री ठेव आणि वर वाटी उपडी घाल. सकाळी वाटी काढलीस की गिल्सची रेघ न् रेघ कागदावर उमटलेली असते. कॉलेजच्या हिरवळीवर पावसाळ्यात मोठी पांढरी, तपकिरी खवल्यांची अळंबी येते, क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. कोवळेपणी तिच्या गिल्स पांढऱ्याच असतात, त्यामुळे खाण्याच्या अळंबीशी तिची गफलत होते आणि माणसं उलट्या-जुलाबांनी बेजार होतात. तिचा ठसा हिरवट येतो. हे तुला कुठलाही वरून काढलेला फोटो सांगणार नाही.

व्हिटाकरने १९६९ साली कवकांना वेगळी सृष्टी दिली हे तू पाठ केलंच असशील. पेशीभित्तिकेत कायटिन, हरितद्रव्य नाही, वगैरे. तरी रानात वनस्पती एका वहीत आणि कवकं दुसऱ्या वहीत असं करू नकोस. आंबोलीला झाडांच्या फांद्यांवर सीतेची वेणी लोंबते ना, त्या आमरीचं बी धुळीइतकं बारीक असतं आणि त्यात अन्नाचा साठाच नसतो. योग्य बुरशी आत शिरली तरच ते रुजतं. नोएल बर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ साली एका आमरीच्या बाबतीत ही गोष्ट प्रथम ओळखली. हौशी लोक आमरी उपटून घरच्या गॅलरीत टांगतात तेव्हा ते तिला तिच्या सोबत्यांपासून तोडत असतात. मला याचा फार राग येतो. तुझ्यासोबतच्या कुणी असं केलं तर गप्प बसू नकोस. काळ्या मसाल्यातलं दगडफूलही असंच जोडीनं जगणारं. बुरशी आणि शैवाल मिळून ते बनतं, हे १८६७ साली श्वेंडेनर या वनस्पतिशास्त्रज्ञाने मांडलं तेव्हा त्या विषयातल्या जाणत्यांनीच त्यांना विरोध केला होता. ते वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं, तेव्हा भिंगातून बघ, खरवडू नकोस.

आणि बांडगूळ. आंब्याच्या मालकाला ते नको असतं, त्याचं बरोबरच आहे. पण तू त्याच्याखाली थोडा वेळ उभी राहा. त्याची पानं हिरवी आहेत, म्हणजे अन्न ते स्वतः तयार करतं, झाडाकडून घेतं ते पाणी आणि क्षार. फुलटोचा त्याची फळं खातो आणि चिकट बी फांदीवर घासून टाकतो. हळदी-कुंकू फुलपाखराच्या अळ्या त्याच्याच पानांवर वाढतात. तुझ्या वहीत यातलं जे जे डोळ्यांनी दिसेल ते यावं, ऐकलेलं नको. मी लिहिलेलंसुद्धा पाहिल्याशिवाय उतरवू नकोस.

वहीत काय लिहायचं तेही सांगते. जागा, तारीख, उन्हात की सावलीत, कशावर, शेजारी कोणती झाडं, तोडल्यावर चीक येतो का, वास कसला, खालची बाजू कशी. जमेल तसं चित्र काढ. चित्र सुंदर यायला हवं असं मुळीच नाही. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे फोटो काढताना नजरेतून सुटतं, पेन्सिल हातात असली की सुटत नाही.

ताम्हिणीला वर्षातून एखादी सहल होते. तेवढ्यावर राहू नकोस. तुला पुण्यातली वेताळ टेकडी जवळ आहे, तिथली एकच वाट धर आणि बाराही महिने जा, उन्हाळ्यातसुद्धा. फादर सांतापाव मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकवत. खंडाळ्याच्या डोंगरात ते पुन्हा पुन्हा गेले, आणि तिथल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली आला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. पुण्यात त्या सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, कवकांसाठी आघारकर संशोधन संस्था आहे. सरांचं पत्र घेऊन दोन्हीकडे जाऊन ये. वाळवलेले नमुने आणि त्यांच्या चिठ्ठ्या कशा लिहिल्या आहेत ते बघ.

गणपतीला येशील तेव्हा आपण सड्यावर जाऊ. कातळावरच्या पाणथळ पातळ मातीत तेव्हा सीतेची आसवं निळीजांभळी फुललेली असतात. सगळे फुलांचे फोटो काढतात, पण खरा उद्योग खाली चाललेला असतो. चिखलातल्या बारीक धाग्यांवर टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे असतात, प्रत्येकाला एक दार. सूक्ष्म जीव दाराशी आला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट तो आत खेचला जातो. त्या मातीत नत्र फार कमी, ते हे रोप असं मिळवतं. एक रोप मातीसकट बशीत घेऊन धुतलं की तुला ते फुगे दिसतील. येताना दहापट मोठं दाखवणारं भिंग आण, आणि ते डोळ्याला टेकवून वस्तू जवळ आणायची सवय आत्तापासूनच कर. सड्यावर वारा फार असतो, छत्री टिकत नाही, तेव्हा रेनकोट घे. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव आणि पेन नको, पेन्सिलच आण.

तुझी,
आत्या