तीन बोटांचं माप

माझी मुलगी पाच वर्षांची असताना ओसरीच्या पायरीवरून थेट हनुवटीवर आपटली. तालुक्याच्या दवाखान्यात चार टाके पडले, रक्त थांबलं, आम्ही निश्चिंत झालो. हनुवटीवर बसलेला मार जबड्यातून वर जाऊन कानापुढचा सांधा मोडू शकतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. लहान मुलांमध्ये कधीकधी त्या जागी हळूहळू नवं हाड धरतं आणि जबडा कवटीलाच जखडतो.

दोन वर्षांनी दाढ किडली म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. “आ कर बाळा.” तिनं केलेल्या ‘आ’मध्ये माझ्या करंगळीचं टोक कसंबसं गेलं असतं. पोळीची बारीक सुरळी करून ती दातांच्या फटीतून आत सारायची, तेव्हा आम्ही तिला नखरे करते म्हणून रागवायचो. रात्री घोरायची, तेही मनावर घेतलं नाही.

पहिल्या ऑपरेशननं तोंड उघडलं. ते पुन्हा मिटलं माझ्यामुळे. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्यांची गड्डी दातांमध्ये धरायची आणि मध्ये एकेक काडी सारत जायचं, असा व्यायाम दिवसातून चार-पाच वेळा सांगितला होता. ती रडायची, माझं मनगट धरून ठेवायची आणि मी म्हणायचे, “राहू दे आज.” वर्षभरात अठरा काड्यांवरून आम्ही पाचवर आलो.

दुसऱ्यांदा काम अवघड होतं. जुन्या हाडाची ओळखच उरली नव्हती. वर कवटीचं पातळ हाड आणि त्यापलीकडे मेंदू, मागे कानाची नळी, आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी, बाहेरून चेहरा हलवणारी नस. या वेळच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅनवरून संगणकावर कुठे, किती कापायचं ते आधी आखलं. तिच्या जबड्याची प्लास्टिकची प्रतिकृती माझ्या हातात दिली. सांध्याच्या जागी नुसता गोळा होता. ऑपरेशन करताना हत्याराचं टोक नेमकं कुठे आहे ते पडद्यावरच्या स्कॅनमध्ये दिसत होतं, मोबाइलच्या नकाशात गाडी दिसते तसं. म्हणून कानापुढे छोटाच छेद पुरला.

मूल हनुवटीवर पडलं तर टाक्यांवर थांबू नका. त्याचीच तीन बोटं उभी तोंडात जातात का पाहा. तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकते का, कानापुढे दुखतं का, तेही पाहा. शंका आली तर जबड्याच्या सर्जनकडे न्या आणि सांध्याचा फोटो काढायला सांगा. पुढचे काही महिने अधूनमधून हे माप घेत राहा.

ऑपरेशन ठरलंच, तर भूल कशी देणार हे आधी विचारा. तोंड उघडत नसल्यानं श्वासाची नळी दुर्बिणीनं नाकातून घालावी लागते, आणि तो सराव असलेला भूलतज्ज्ञ तिथे हवा. टेबलावरच तोंड 35 मिलिमीटरपर्यंत उघडायला हवं, हेही मी याच वेळी शिकले. संगणकाची मदत त्या दिवसापुरती असते. पुढचे कित्येक महिने व्यायाम घरीच करून घ्यायचा असतो, तेव्हा कोण, किती वाजता करून घेणार हे दवाखान्यातून निघण्याआधी ठरवा. दुखणं कमी करायची गोळी डॉक्टरांना विचारून व्यायामाच्या अर्धा तास आधी द्या. रडणं त्यानं पुष्कळ कमी होतं. पहिल्या वेळी मला हे कुणाला विचारायचंही सुचलं नव्हतं.

आता ती स्वतःच काड्या लावते. ओल्या काड्या फुगतात आणि हिशेब चुकतो, म्हणून दर रविवारी मी पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीनं मोजते आणि कॅलेंडरवर लिहिते. परवा 34 भरलं.