सभासदांच्या चर्चागटास जागा निवडताना

पेढीची खतावणी कोणाच्या कपाटात राहावी, हे आपले वाडवडील फार जपून ठरवीत. हल्ली संघाची निम्मी चर्चा मोबाइलवरील गटांतून चालते. तो गट कोणाच्या जागेत वसला आहे, ही चौकशी मात्र सहसा होत नाही. म्हणून चार गोष्टी सभासद बंधुभगिनींपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मजकूर कोणास वाचता येतो, हा एक प्रश्न; सभासदांचे क्रमांक कोणास कळतात, हा दुसरा. व्हॉट्सॲपने २०१६ साली सर्व मजकूर सांकेतिक करण्याची व्यवस्था लागू केली. वाटेत तो कंपनीसही वाचता येत नाही. परंतु तेथील साध्या गटात शिरणाऱ्यास इतरांचे दूरध्वनी क्रमांक दिसत आले आहेत. एकटीने दुकान सांभाळणाऱ्या भगिनीचा क्रमांक असा शेकडो अपरिचितांच्या हाती जातो, आणि तिने गट सोडला तरी तो परत येत नाही. टेलिग्राममध्ये क्रमांक झाकता येतो. तथापि तेथील गटांच्या मजकुराची किल्ली कंपनीपाशीच असते. सिग्नलमध्ये मजकूर झाकलेला असतोच, शिवाय २०२४ पासून क्रमांकही अपरिचितांस दिसत नाही. आमचा कौल त्याकडे आहे. वयोवृद्ध सभासदांस तो शिकवावा लागेल, एवढीच अडचण.

अर्थात कुलूप भक्कम असले तरी आतलाच कोणी पडद्याचे छायाचित्र बाहेर धाडील, तर उपाय नाही. अमक्याची उधारी थकली, ही एक ओळ बाजारात फिरली की त्या पेढीची पत गेली. असा विषय गटावर काढूच नये.

फुकटच्या जागेचा मालक ती केव्हाही रिकामी करवितो, हेही ध्यानी असावे. याहू ग्रुप्सने २०१९ च्या अखेरीस वर्षानुवर्षांचा साठा काढून टाकला आणि डिसेंबर २०२० मध्ये ते दालनच बंद झाले.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. ज्या कामासाठी संमती दिली, त्याच कामापुरती ती धरावी, हे त्याचे एक प्रमुख सूत्र. स्मरणिकेतील यादीसाठी दिलेला क्रमांक चिटणिसांनी परस्पर गटात घालणे त्यात बसत नाही. वार्षिक वर्गणीच्या अर्जावर त्यासाठी एक वेगळा रकाना छापावा, आणि तो कोरा राहिल्यास सभासदाचा नकार समजावा.