फरक नेमका कशाने पडला? कार्यकारण ओळखण्याची रीत

एखादी सोय झाली आणि त्या वर्षी पीक चांगले आले, की आपण सारे श्रेय त्या सोयीला देतो. पुढचे कर्ज आणि लागवडीचे क्षेत्रही त्याच हिशेबावर ठरते. हिशेब चुकला तरी कर्जाचा हप्ता चुकत नाही. म्हणून वाढीत त्या सोयीचा खरा वाटा किती, हे ओळखता येणे आवश्यक आहे.

नैसर्गिक प्रयोग म्हणजे काय?

संशोधन केंद्रावर वाणांची तुलना करताना कोणत्या वाफ्यात कोणता वाण लावायचा, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवितात. त्यामुळे चांगली जमीन एकाच वाणाच्या वाट्याला जात नाही. वीज, मजुरी, कालव्याचे पाणी यांचा असा प्रयोग सहसा आखता येत नाही. परंतु कधी कधी जिल्ह्याची हद्द, कालव्याची रेषा किंवा सरकारी निर्णय यांमुळे सारख्याच परिस्थितीतील लोकांचे दोन गट पडतात. एका गटाला बदल मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. यालाच अर्थशास्त्रात ‘नैसर्गिक प्रयोग’ म्हणतात.

नदीच्या दोन काठांचा दाखला

शिरवळला नीरा नदी ही सातारा व पुणे जिल्ह्यांची हद्द आहे. अमेरिकेत न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनिया या राज्यांमध्ये अशीच डेलावेअर नदी आहे. एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सीने किमान मजुरी ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केली. पेनसिल्व्हेनियात ती तशीच राहिली. मजुरी वाढली की मालक माणसे कमी करतात, असा समज होता. डेव्हिड कार्ड व ॲलन क्रूगर यांनी दोन्ही राज्यांतील मिळून ४१० उपाहारगृहांची वाढीपूर्वी व वाढीनंतर पाहणी केली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचे त्यांना आढळले नाही. या निष्कर्षावर पुढे वाद झाला, पण तुलनेची रीत रुजली. कार्ड यांना २०२१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

हिशेब कसा करावा?

समजा, एका गावात दोन वीजवाहिन्या आहेत. पहिलीवर दिवसा वीज सुरू झाली, दुसरीवर रात्रपाळीच राहिली. कोणत्या शेतकऱ्याची मोटार कोणत्या वाहिनीवर, हे त्याने स्वतः ठरविलेले नाही. रब्बी कांद्याचे एकरी सरासरी उत्पादन पुढीलप्रमाणे धरू.

पहिली वाहिनी : पूर्वी ८० क्विंटल, नंतर ९५ क्विंटल, वाढ १५.
दुसरी वाहिनी : पूर्वी ७८ क्विंटल, नंतर ८८ क्विंटल, वाढ १०.

दिवसा वीज नसतानाही दुसरीकडे १० क्विंटल वाढ झाली. ती चांगल्या हवामानाची समजावी. १५ मधून १० वजा जाता दिवसाच्या विजेचा वाटा ५ क्विंटल उरतो. ज्याने १५ क्विंटल धरून कर्ज काढले, त्याला पुढच्या खराब हंगामात हप्ता जड जाईल.

नीरा कालव्याचा धडा

नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. कालव्याचे पाणी उताराने वाहते, म्हणून ते रेषेखालच्या शिवाराला मिळते, वरच्याला मिळत नाही. ही रेषा जमिनीच्या उंचीने ठरली, शेतकऱ्याच्या हुशारीने नव्हे. त्यामुळे रेषेलगतची वरची व खालची शेते ही तुलनेला चांगली जोडी होय. मात्र नदीकाठची जमीन मुळातच खोल व काळी असते. तिची तुलना माळाशी केल्यास जमिनीचा गुण पाण्याच्या खाती जमा होतो. शिवाय या कालव्याखाली ऊस वाढला, तसेच पाणी मुरून काही जमिनी पाणथळ व क्षारपडही झाल्या. हा परिणाम एका हंगामात दिसत नाही.

घ्यावयाची काळजी

१) गट कसे पडले ते आधी पाहावे. ठिबक बसविणारा शेतकरी पूर्वीपासूनच काटेकोर असेल, तर सारी वाढ ठिबकची मानू नये.
२) बदलापूर्वीच्या तीन-चार वर्षांत दोन्ही गटांचे उत्पादन सारखेच वर-खाली होत होते काय, ते तपासावे.
३) त्याच काळात एकाच गटाला दुसरी योजना, नवे बियाणे किंवा नवी बाजारपेठ मिळाली असल्यास तुलना फसते.
४) कालव्यातून उपसा करून पाणी नेलेली वरची शेते तुलनेतून वगळावीत.
५) एका शेताच्या अनुभवावरून निर्णय घेऊ नये. दोन्ही बाजूंची निदान आठ-दहा शेते पाहावीत.

अशी जोडी गावात सापडत नसेल, तर स्वतःच्या शेतात प्रयोग करावा. नवे खत किंवा वाण वापरताना शेताचे सारखे आठ पट्टे पाडावेत. चिठ्ठ्या टाकून चार पट्ट्यांत नवे, चार पट्ट्यांत नेहमीचे वापरावे. काढणीच्या वेळी प्रत्येक पट्ट्याचे वजन वेगळे करून वहीत नोंदवावे. विक्रेता उत्पादन दुप्पट झाल्याचे सांगू लागला, तर ‘न वापरणाऱ्या शेजाऱ्याचे त्याच वर्षी किती वाढले?’ हा प्रश्न अवश्य विचारावा.