शेपटीवरून हात फिरवताना

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आमचं घर. घरात भात आला की मागोमाग उंदीर येतात, म्हणून मांजर नाही असा काळ आमच्याकडे गेलाच नाही. त्यातल्या दोघांच्या शेपटीला गाठ आली. पहिल्या वेळी मी चुकले. ती चूक दुसऱ्या कुणाकडून होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

१. गाठ किती दिवसांची आहे, ते आधी आठवा.

थंडी सरताना आमचा बंड्या बोका दोन रात्री बाहेर राहिला. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी शेपटीच्या बुडाशी लिंबाएवढी सूज दिसली. हाताला गरम, दाबली तर मऊ, आणि बोट टेकताच तो फिस्कारला. अशी दोन-चार दिवसांत उठलेली, ठणकणारी गाठ बहुधा चाव्याचं गळू असतं. बोक्याचा सुळा सुईसारखा घुसतो. वरची कातडी लगेच मिटते आणि तोंडातले जंतू आत कोंडले जातात. केस कात्रीने हलके कापले तेव्हा मुगाच्या डाळीएवढ्या दोन खपल्या दिसल्या, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. दातांच्याच खुणा त्या.

२. ‘फुटेल आपोआप’ म्हणून थांबू नका.

मी थांबले. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, हळद-तेल लाव, पिकून फुटेल.” फुटलं खरं, पण वरचं तोंड बारीक आणि आत पोकळी तशीच. माश्या बसल्या, अळ्या पडल्या. शेवटी डॉक्टरांनी भूल देऊन चीर दिली, पोकळी सलाइनने धुतली, अँटिबायोटिक दिलं. बंड्या वाचला. पण त्याआधी तो माळ्यावर कोपऱ्यात नुसता बसून होता, दुधालाही उतरला नाही, आणि मला वाटलं की तो आराम करतोय. मांजर दुखणं ओरडून सांगत नाही. दोन दिवस काही खाल्लं नाही तर त्याचं यकृतही बिघडू लागतं. बंड्याचे ते दिवस आठवले की अजून जीव कासावीस होतो.

३. घरातलं औषध मांजराला देऊ नका.

तापाची गोळी म्हणून क्रोसिन तर कधीच नाही. त्यातलं पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या करड्या-तपकिरी पडतात. एका गोळीनेही मांजर मरू शकतं. आपल्याकडे गुरांच्या जखमेतल्या अळ्यांवर फिनेल ओततात, तेही मांजराला विषच, कारण ते जखम चाटतं. कुत्र्याचं गोचिडांचं औषधही लावू नका. कोमट मिठाच्या पाण्यात कापड पिळून पाच-दहा मिनिटं शेकलं तर चालतं. मात्र गाठ पिळायची नाही.

४. शेपटी लुळी लोंबत असेल आणि लघवी होत नसेल, तर गाठीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शेपटीला हिसका बसला की मूत्राशयाच्या नसाही ताणल्या जातात.

५. निघण्याआधी फोन करा.

तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, १९६२ हा टोल फ्री क्रमांकही आहे. पण इकडचं बरंचसं काम गाई-म्हशींचं. म्हणून स्पष्ट विचारा: मांजराला भूल देऊन गळू फोडता येईल का? एका ठिकाणी आम्हाला न तपासताच परत पाठवलं होतं, त्यात एक अख्खा दिवस गेला. नेताना कापडी पिशवी नको. झाकणाची प्लास्टिकची करंडी, आत जुना टॉवेल, वरून सुतळी. एसटीत मांजर सुटलं तर हाती लागणं कठीण.

६. ओरखडा निघाला, चावा बसला, तर आधी आपलं बघा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा. मांजर घरचं असलं तरी.

७. कडक, न दुखणारी गाठ जास्त गंभीरपणे घ्या.

बंड्यानंतर काही वर्षांनी भुरीच्या शेपटीच्या मधोमध वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. गरम नाही, दुखत नाही, ती मजेत खात होती. या वेळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहिली आणि दर रविवारी दोऱ्याने माप घेतलं. तिसऱ्या रविवारी दोरा पुरेना. डॉक्टरांनी सुईने थोड्या पेशी काढून काचपट्टीवर घेतल्या. संशय कर्करोगाचा. मोठ्या तपासणीला मुंबईत परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालयही. पण आमच्या डॉक्टरांनी इथेच गाठीच्या बरंच वरून शेपटी काढली. तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत तपासणीला गेला. मी रडले. शेपटीवर गाठ असली तर आजूबाजूची निरोगी जागा सोडून कापता येतं, पाठीवर तेवढी मोकळीक नसते, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं. अहवालात कर्करोगच निघाला, पण कापलेली कड स्वच्छ होती.

टाके चाटू नये म्हणून जुन्या एक्स-रेच्या फिल्मची गळपट्टी केली, कडेला चिकटपट्टी लावून. दहा दिवस ती दाराच्या चौकटीवर आपटत फिरली. गळपट्टी काढली त्याच दुपारी भुरी माळ्यावर चढली, आणि पुढच्या दोन सुग्या भाताच्या पोत्यांवर तीच झोपत होती.